नव्या गाडीवर पीपीएफ करताय? बॉनेटवर खरी फिल्म आणि बाकी गाडीवर भलतीच, आमच्या बाबतीत झालेला प्रकार

गाडीवर पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म लावून घ्यायचा विचार करत असाल तर हे पूर्ण वाचा, त्यातून गाडी महागाची आणि नवीकोरी असेल तर नक्कीच. पुण्यातल्या एका मोठ्या डिटेलिंग स्टुडिओने (गाडीच्या रंगाची निगा राखणारं दुकान) आमच्याकडून अख्ख्या गाडीच्या चांगल्या टीपीयू फिल्मचे पैसे घेतले आणि खरी फिल्म फक्त बॉनेटवर लावली, बाकी सगळीकडे स्वस्तातली पीव्हीसी. केस चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी लिहिते, कारण चौकशी करून, पक्कं बिल घेऊन, समोर टेस्ट बघून पैसे देणारा माणूससुद्धा या पद्धतीत अडकतो.

मी कोल्हापुरात डेंटिस्ट आहे. उघड्या टपाची गाडी घ्यायची हे कॉलेजपासून मनात होतं आणि २०२३ च्या दसऱ्याला ते झालं. बीएमडब्ल्यूची झेड-फोर एम-४० आय, पांढरी. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर साडेचार सेकंदात. ही गाडी ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात बनलेली, टोयोटाची सुप्रा पण तिथलीच, आणि इथे ती पूर्ण तयार होऊनच आली, त्यामुळे तेव्हाच्या ८९ लाख ३० हजारच्या एक्स-शोरूमवर महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीचा २० टक्के रोड टॅक्स बसला, म्हणजे पावणेअठरा लाखाच्या वर नुसता टॅक्सच. वीस वर्षं क्लिनिक चालवून साठवलेले पैसे आहेत, कर्ज काढलं नाही, आणि घेतल्याचा एक दिवससुद्धा पश्चात्ताप झालेला नाही.

टप दहा सेकंदात उघडतो, ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत पण. थंडीत पहाटे निघायचं, बालिंगा मागे टाकलं की टप उघडायचा, कळ्याच्या पुढे रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आणि कुठेतरी गुऱ्हाळ चालू असतं, त्या काहिलीचा वास थेट अंगावर येतो, बंद गाडीत हे कधीच मिळालं नव्हतं. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. ते कानटोपी घालून शेजारी बसतात आणि गगनबावड्यापर्यंत बोलतच नाहीत, इंजिन ऐकत बसतात. एकदा मला म्हणाले, "सहा सिलिंडर एका रांगेत असले की हादरे एकमेकांना मारतात गं, म्हणून बघ कसं चाललंय." आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काम केलेल्या माणसाला त्या सीटवर बघणं ह्यातच माझे सगळे पैसे वसूल झाले.

काळजी पण तेवढीच. गाडी जमिनीपासून जेमतेम ११-१२ सेंटीमीटर वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, तसा असला तर गाडी निघते, पण आपल्याकडे गावोगावी रातोरात टाकलेले जे अरुंद उंचवटे आहेत तिथे तिरकी घालून, श्वास धरून काढावी लागते. सीझनला उसाच्या ट्रॉल्या, मागून लोंबणाऱ्या मोळ्या. आणि सातारा-कागल पट्ट्यात हायवेच्या सहापदरीचं काम, त्यामुळे खडीचे डंपर. पुढच्या डंपरमधून उडालेला एक खडा बॉनेटवर बसला तर रंग पार पत्र्यापर्यंत उडतो, आणि झेड-फोरचं बॉनेट लांबच लांब आहे. म्हणून पीपीएफ. हौस म्हणून नाही, गरज म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चांगली फिल्म टीपीयूची असते, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. ती ताणली की परत जागेवर येते, खडा बसला की दणका खाते, आणि तिच्या वरच्या थराला ऊन किंवा गरम पाणी लागलं की बारीक ओरखडे आपोआप भरून येतात. स्वस्तातली फिल्म पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक, त्यात प्लास्टिसायझर घालून मऊ करतात. बाजारात टीपीएच नावाने जे विकतात ते बहुतेक वेळा हेच. उन्हाने तो प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर निघतो, मग फिल्म पिवळी पडते, आकसते, कडेने सुटते, तडकते. नवीन असताना दोन्ही शेजारी ठेवल्या तर साध्या डोळ्याला फरक कळत नाही, आणि सगळा धंदा ह्यावरच आहे.

आम्ही काय काय केलं ते सांगते. तीन-चार ठिकाणची कोटेशन्स घेतली. ह्या स्टुडिओचं २ लाख ६० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६ हजार ८००. सगळ्यात स्वस्त नव्हतं, मधलं होतं. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, बरोबर निघाला. बिलावर नुसतं "फुल बॉडी पीपीएफ" लिहीत होते, मी अडून बसले, आणि फिल्मचा ब्रँड, टीपीयू हा शब्द आणि रोल नंबर बिलावर घालून घेतला. रोलचा बॉक्स माझ्यासमोर फोडला, त्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच. आईला दसऱ्यालाच गाडी दारात हवी होती, ती जरा नाराज झाली, पण आम्ही गाडी शोरूममधून फ्लॅटबेडवर घालून थेट स्टुडिओत नेली, रस्त्यावर एक किलोमीटरसुद्धा न चालवता.

काम चार दिवसांचं. ज्या खोलीत काम चालतं तिथे धूळ चालत नाही म्हणून कुणाला आत सोडत नाहीत, हे सगळीकडे असतं आणि ते खरं कारण आहे. त्याऐवजी कॅमेऱ्याची लिंक दिली. पहिल्या दिवशी बॉनेटचं काम लाइव्ह दिसलं, व्यवस्थित, पाणी मारून, रबराने ओढून. दुसऱ्या दिवसापासून लिंक बंद. फोन केला तर, "मॅडम, नेटचा प्रॉब्लेम झालाय, मी व्हिडिओ पाठवतो ना, तुम्ही निवांत राहा." व्हिडिओ आले, सगळे बॉनेटचे आणि पूर्ण झालेल्या गाडीचे.

डिलिव्हरीला तिथल्या मालकाने स्वतः पितळी ब्रश घेऊन बॉनेटवर घासला, माझ्या पोटात गोळाच आला, मग किटलीतलं गरम पाणी ओतलं आणि ओरखडे डोळ्यादेखत गायब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉरंटी कार्डवर क्यूआर होता, स्कॅन केला तर माझं नाव, चॅसी नंबर, दहा वर्षांची वॉरंटी, कंपनीच्या लोगोसकट पान उघडलं. आता सांगा, ह्यापुढे गिऱ्हाईकाने अजून काय तपासायचं?

दुसरा उन्हाळा गेला आणि २०२५ च्या मे महिन्यात बाबा अंगणात गाडी पुसता पुसता म्हणाले, "ह्याचं बॉनेटच एवढं पांढरं कसं गं?" मी येऊन बघितलं आणि मग ते दिसायचं थांबेचना. बॉनेट दुधासारखं आणि दरवाजे, मागचे फेंडर, डिकी सगळं पिवळसर. दरवाजाच्या खालच्या कडेला फिल्म सुटून मागे सरकलेली, मोकळ्या गोंदावर धुळीची काळी रेघ. स्टुडिओला फोटो पाठवले. आधी म्हणाले चुकीच्या शॅम्पूने धुतली असणार. मग म्हणाले १८ हजारांचं मेंटेनन्स पॅकेज घ्या, पॉलिश केलं की जाईल. मी लेखी मागितलं तर अर्ध्या पैशात परत फिल्म लावून देतो म्हणाले. दहा वर्षांची वॉरंटी असताना अर्धे पैसे कशाचे, ह्यावर उत्तर नाही.

मग मी सरळ फिल्म कंपनीच्या भारतातल्या डिस्ट्रिब्युटरला बिल आणि वॉरंटी कार्ड ईमेल केलं. उत्तर आलं की रोल नंबर खरा आहे, पण तो वेगळ्याच गाडीच्या नावावर रजिस्टर झालेला आहे, तुमच्या चॅसी नंबरवर आमच्याकडे वॉरंटीच नाही. क्यूआरचं ते पान कंपनीचं नव्हतंच, तसं दिसणारं दुसरंच संकेतस्थळ होतं, पत्त्यात एक अक्षर जास्त.

कोल्हापुरातल्या एका जाणकार मुलाकडून फिल्म काढून घेतली, त्याने हिशोब समजावला. रोल साधारण १५ मीटरचा असतो, ह्या मापाच्या अख्ख्या गाडीला जवळपास सगळा लागतो. पण फक्त बॉनेटं कापली तर त्याच रोलमधून आठ-दहा निघतात. म्हणजे एक खरा बॉक्स, एक खरा नंबर, आणि आठ-दहा गिऱ्हाइकांना तोच दाखवायचा. टेस्ट नेहमी बॉनेटवरच होते, कारण ते सपाट, डोळ्यासमोर, पाणी ओतायला सोयीचं. दरवाजावर ब्रश घासून दाखवा असं कोण म्हणतो?

बॉनेटची फिल्म हीट गनने गरम केल्यावर अख्खी एका तुकड्यात निघाली. दरवाजांची नखाएवढ्या कपच्यांत निघाली आणि गोंद सगळा रंगावर राहिला. तो काढल्यावर जे दिसलं त्याने मला खरंच रडू आलं. मी दातांच्या कामाला भिंग लावते, तेच लावून बघितलं, दरवाजांच्या आणि मागच्या फेंडरच्या कडेने ब्लेडच्या सरळ रेघा, फिल्म गाडीवरच कापलेली, रंगात खोल गेलेली. पॉलिशने जाणार नाहीत, ते पॅनेल परत रंगवावे लागणार. अशा गाडीचा कंपनीचा मूळ रंग एकदा गेला की गेला. विकायला काढली तर घेणारा रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर लावून बघतो, फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, त्याच्या दुप्पट आकडा दिसला की त्याला वाटणार गाडी ठोकलेली आहे. तीन लाखांपेक्षा हे नुकसान मला जास्त लागलंय. खड्यापासून जो रंग वाचवायला पैसे मोजले तो ह्यांनीच कापला.

फिल्म कसली आहे हे घरच्या घरी ढोबळ कळतं. माझा मावसभाऊ केमिस्ट्री शिकवतो, त्याने सांगितलेली बाइलस्टाइन टेस्ट. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, फिल्मच्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. क्लोरीन पीव्हीसीत असतं, टीपीयूत नसतं. तुकडा अगदी बारीक घ्या आणि उघड्यावरच करा, पीव्हीसीचा धूर वाईट असतो. दरवाजाच्या तुकड्याने ज्योत हिरवीगार, बॉनेटच्या तुकड्याने काही नाही. हा झाला अंदाज, पक्क्या पुराव्यासाठी लॅबमध्ये एफटीआयआर (प्लास्टिक कुठलं ते ओळखणारी तपासणी) करून घेतली आणि रिपोर्टमध्ये दरवाजाची फिल्म पीव्हीसी असं सरळ आलं.

पुढचं लवकर सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, स्टुडिओने तिथे काही दाद दिली नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर निरोप आला, पैसे परत देतो पण आधी ऑनलाइन रिव्ह्यू काढा आणि तक्रार नाही असं लिहून द्या, रंगाच्या नुकसानीचं काही मिळणार नाही. आम्ही नाही म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेपा नाहीत, कोल्हापूरच्या ग्राहक आयोगातच केस घातली. मोबदला, म्हणजे आपण कामाचे मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून फोनवर "बघतो, करतो" ऐकत महिने घालवू नका, ते लोक मुदत संपायचीच वाट बघत असतात. पोलिसांतही अर्ज दिलाय, काम २०२३ चं असल्यामुळे नवीन न्याय संहिता नाही, जुन्या आयपीसीचं ४२० लागतं असं वकिलांनी सांगितलं. आयोगासमोर आता आमचा अर्ज आहे की नमुना सील करून त्यांनीच लॅबला पाठवावा, कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे, कारण आम्ही केलेल्या रिपोर्टवर समोरची बाजू शंका घेणार हे उघड आहे.

आता ज्यांचं काम व्हायचंय त्यांनी एवढं मागून घ्या. टेस्ट दरवाजाच्या खालच्या भागावर, डिकीवर, मागच्या बंपरवर, आपण बोट ठेवू तिथे. प्रत्येक पॅनेलच्या कटिंगचे उरलेले तुकडे, कुठले कशाचे ते लिहून. गाडीवर ब्लेड लावणार नाही, प्लॉटरवर म्हणजे कटिंग मशीनवर कापून आणणार किंवा नाइफलेस टेप (ब्लेडऐवजी आतल्या दोऱ्याने फिल्म कापणारी) वापरणार, हे बिलावर लिहून. वॉरंटीचा क्यूआर स्कॅन करू नका, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे आपला चॅसी नंबर शोधा, आणि तो दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ह्यातल्या एका गोष्टीला जरी "मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का" असं उत्तर आलं तर गाडी घेऊन निघा.

आणि ज्यांनी २०२३-२४ मध्ये पुण्यात काम करून घेतलंय त्यांनी आज दिवसाउजेडी बॉनेट आणि दरवाजा शेजारी शेजारी बघा. रंगात फरक वाटला तर घाईने फिल्म काढू नका, आधी तारखेसकट फोटो काढा, कंपनीला रोल नंबर विचारा, आणि काढताना दोन साक्षीदार उभे करून प्रत्येक पॅनेलची फिल्म वेगळ्या पाकिटात घालून सह्या घ्या. आमच्याकडे ही पाकिटं आहेत म्हणूनच केस उभी आहे, आणि त्याच रोल नंबरची अजून बिलं निघाली तर आयोगापुढे ती आमच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतील.