बेशुद्ध पडदे: पाचपैकी साडेतीन स्टार

नाइट शिफ्ट लागली की सगळ्यात मोठा शत्रू सकाळचं ऊन, आणि आमची बेडरूम नेमकी पूर्वेला, सात वाजता घरी येऊन आडवं व्हावं तर ऊन थेट तोंडावर. शेवटी ब्लॅकआउट पडदे मागवले. अ‍ॅप चुकून मराठीत सेट झालं होतं, तिथे नाव आलं "खोलीसाठी बेशुद्ध पडदे, २ नग". हसून हसून पुरेवाट झाली. अ‍ॅपचं नाव घेत नाही, बिचाऱ्यांचं मशीन भाषांतर करतं.

पण मशीन अगदीच चुकलं असंही नाही हां. इंग्रजीत ब्लॅक आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं हा अर्थ आहेच, आणि आपण तरी काय म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी आली. गंमत अशी की या क्रियापदाला कर्म नसलं आणि कर्ता माणूस असला की तो माणूस बहुतेक धाडकन पडतो, आणि कर्म असलं की कुणीतरी काहीतरी झाकतं, मग ती खिडकी असो नाहीतर सरकारी कागदातली काळी शाई फासलेली ओळ. मशीनने कर्माकडे बघितलंच नाही, झालं.

आणि दारू पिऊन होतो तो ब्लॅकआउट वेगळाच. त्यात माणूस पडत नाही, चालतो, बोलतो, बिलावरून भांडतो सुद्धा, फक्त मेंदूत आठवण साठवायचं काम बंद पडलेलं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी "मी असं बोललो?" (आमच्या ग्रुपमध्ये एक आहे, जाऊ दे.) त्याला बेशुद्ध म्हटलं तर चूकच. नाटकवाल्यांचा ब्लॅकआउट मात्र सगळ्यात गोड, प्रवेश संपला, लाइट्स गेले, काळोखात दोघं जण टेबल उचलून पळतायत आणि आपण टाळ्या वाजवतोय.

घरची वीज गेली तर आपण ब्लॅकआउट म्हणतच नाही, "लाइट गेली" म्हणतो. पेपरात तो शब्द यायला निदान अख्खं शहर तरी बंद पडावं लागतं, १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या तसं, किंवा ३१ जुलै २०१२ ला तीन ग्रिड एकदम कोसळून साधारण निम्मा देश अंधारात गेला होता तसं.

तर पडदे. कापड जाड, तीन थरांचं, वजनदार, स्टीलच्या रिंगा, वास दोन दिवस राहतो मग जातो. दुपारी बारा वाजता खोलीत बऱ्यापैकी काळोख होतो, झोप खरंच लागते. पण वरून रिंगांच्या मधून आणि बाजूने उजेडाची पट्टी येतेच येते. मी म्हटलं चालतंय की, एवढं काय.

आजीला नाही चाललं. ती १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, दादरला चाळीत राहायची, तेव्हा शत्रूच्या विमानांना वस्ती दिसू नये म्हणून काचांना काळे कागद चिकटवलेले, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, आणि कुणाच्या खिडकीतून फट दिसली की खालून ओरडा. इंग्लंडमध्ये तर १ सप्टेंबर १९३९ लाच हे सुरू झालं, दुसरं महायुद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, आणि बॉम्ब पडायच्या आधीच काळोखात गाड्यांखाली येऊन माणसं मरायला लागली, म्हणून फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवल्या. म्हणजे युद्धातला ब्लॅकआउट हा आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून, आणि मी बाहेरचा उजेड आत नको म्हणून पैसे मोजतोय!

तर आजीने मला ट्यूबलाइट लावून पडदे ओढायला लावले, स्वतः रात्री नऊला काठी टेकत खाली गेली आणि बिल्डिंगसमोर उभी राहून तिथूनच ओरडली, "अरे दिसतंय सगळं! वरची पट्टी बघ की!"

दीड स्टार तिथे कापला. घेणार असाल तर खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी नऊनऊ इंच जास्त लांब रॉड लावा, वर लाकडी पेल्मेट (रॉड झाकणारी पेटी) करून घ्या, सुतार आमच्याकडे अजून आलेला नाही.