उडत्या मुंग्यांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट: कामाचं आहे, पण वही टाकू नका

पहिला दमदार पाऊस होऊन वारा पडला आणि हवा दमट झाली की संध्याकाळी दिव्याखाली पंखवाल्या मुंग्या जमतात. त्यांच्या तारखा टिपायला आयनॅचरलिस्ट हे फोटोवरून जीव ओळखायला मदत करणारं मोफत, बिनजाहिरातीचं ॲप बरेच जण वापरतात. मुंगी कोणती हे कळायला ते छान. उड्डाण (नर आणि राण्यांचं मिलनासाठी वारुळाबाहेर झेपावणं) नेमकं केव्हा झालं, यासाठी मात्र अपुरं. पाचपैकी साडेतीन तारे.

फोटो काढण्याआधी वाळवी बाजूला काढा. वाळवीचे चारही पंख एकाच लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक. राणीची मिशी कोपरात वाकलेली असते, नराची तितकी वाकलेली दिसत नाही.

फोटो तीन हवेत: बाजूने (कंबरेच्या गाठी एक की दोन), समोरून डोकं, वरून पंख. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर ॲप गांधीलमाशीही सुचवू शकतं, नरांच्या बाबतीत विशेषतः. पहिली सूचना डोळे झाकून स्वीकारू नका. खात्री नसेल तर फॉर्मिसिडी या कुळापाशी थांबा. दिव्यावर आपटणारा मोठा, तपकिरी, जाड पोटाचा किडा बऱ्याचदा डोरिलस या मुंग्यांचा नर निघतो. त्याच्या राणीला पंख नसतातच, त्यामुळे जोडी शोधत बसू नका.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवलात तर त्यातली वेळ आणि जागा गळून जाते, मग दोन्ही हातानं भरावी लागतात. घराचा पत्ता लपवायला जागा ‘धूसर’ केली, तर इतरांना तारखेऐवजी फक्त महिना आणि वर्ष दिसतं. उड्डाणाच्या नोंदीचा जीवच गेला म्हणायचा! त्यापेक्षा पिन गल्लीच्या नाक्यावर ठेवा आणि अचूकतेचं वर्तुळ मोठं करा.

ॲपची सगळ्यात उपयोगी गोष्ट वेबसाइटवर आहे. प्रत्येक नोंदीला लिंग जोडता येतं. नर अल्पायुषी आणि एरवी वारुळातच, म्हणून जातीच्या पानावर लिंगानुसार आलेख उघडला की नरांचे महिने हाच उड्डाणाच्या हंगामाचा अंदाज. ‘मादी’वर विसंबू नका, कामकरी मुंग्याही माद्याच असतात.

उणीव दोन ठिकाणी. हवामानाचा ठरलेला रकाना नाही, आणि उड्डाण न झालेला दिवस नोंदवायची सोय नाही. म्हणून टिपणात एवढं लिहाच: पाऊस थांबल्याची वेळ, तापमान, वारा, अंदाजे संख्या, पंख होते की टाकलेले. पंख टाकून भिंतीकडेने फिरणारी राणी कालच्या उड्डाणातली असू शकते. दिव्यापाशी सापडलेली मुंगी दुरूनही आलेली असते, तेव्हा तिथेच वारूळ आहे असं धरू नका. कोरड्या, मुंग्यांविना गेलेल्या संध्याकाळी मात्र वहीतच जातील.