जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पीसीबी तपासणी : एका सेवेचा अनुभव

आमच्या कारखान्यातील जुना ट्रान्सफॉर्मर मोडीत काढण्यापूर्वी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून त्याच्या तेलातील पीसीबीचे (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल्स या विषारी रसायनांचे) प्रमाण तपासून घेतले. तंत्रज्ञाने हातमोजे घालून, एक थेंबही जमिनीवर न सांडता नमुना घेतला. मात्र अहवाल उशिरा आला आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातील 50 पीपीएमची (दहा लाख भागांत 50 भाग) मर्यादा त्यात कुठेच नमूद नव्हती, ही मला गंभीर उणीव वाटते. भारताने 2006 साली हा करार स्वीकारला असून केंद्र सरकारच्या 2016च्या आदेशाने पीसीबी असलेल्या उपकरणांच्या वापराला 31 डिसेंबर 2025पर्यंतचीच मुदत दिली होती. असे तेल भंगारात गेले, तर चरबीत साठणारे हे विष अन्नसाखळीत वर्षानुवर्षे फिरत राहते. ही सेवा मी पुन्हा घेईन, परंतु अहवालात मर्यादा छापण्याची लेखी अट घालूनच.