माणसाला विचारावं की यंत्राला?

सर्वेक्षणासाठी आता भाषा-मॉडेललाच (माणसासारखा मजकूर लिहिणाऱ्या एआयला) 'तू पन्नाशीतला मतदार आहेस' असं सांगून उत्तरं घेता येतात. 2023 मध्ये जीपीटी-3 या अशाच मॉडेलवर अमेरिकी मतदारांबाबत असा अभ्यास छापून आला, उत्तरं खऱ्या मतदारांच्या उत्तरांशी बरीच जुळली. स्वस्त, झटपट, चहाही नको.

दारोदार फिरणं महाग. पण बाई उत्तराआधी स्वयंपाकघरातल्या सासूकडे बघते, मग म्हणते, "तसं काही नाही हो." ते बघणं यंत्राकडे कुठून येणार?

अर्थात माणसांवरचे प्रयोगही धुतल्या तांदळाचे नाहीत. मानसशास्त्रातल्या 100 अभ्यासांच्या फेरतपासणीत (2015) जेमतेम 36 टक्क्यांचे निष्कर्ष टिकले.

प्रश्नावली घासूनपुसून घ्यायला यंत्र चालेल. एआयचा माणसांना धोका किती, हे मात्र माणसांनाच विचारावं. आरोपीलाच साक्षीदार कसं करायचं?