पाठीवर नाव नसलेला माणूस: जुन्या नाशकातील एका रेकॉर्डच्या दुकानाविषयी

भांडीबाजाराच्या अंगाला असलेल्या एका बोळात, दोन दुकानांच्या मधल्या अरुंद जिन्याने वर गेले, की जुन्या तबकड्यांचे एक दुकान लागते. दुकानाला पाटी नाही आणि मालकांना ती लावण्याची इच्छाही दिसत नाही, त्यामुळे येथे नाव देत नाही. खाली कोणत्याही तांब्यापितळेच्या दुकानात विचारले तर जिना दाखवतात. खोली एका जुन्या वाड्याचे माजघर असावे, एवढीच आहे. तीन भिंतींना लाकडी फळ्या असून त्यांवर चित्रपटांच्या नावांनुसार हिंदी रेकॉर्ड, गायकांनुसार भावगीते आणि नाट्यपदे, आणि अगदी वर शास्त्रीय संगीत लावलेले आहे. अशी मांडणी कोठेही सापडेल. येथे चौथ्या भिंतीला, खिडकीच्या खाली, एक कप्पा आहे, ज्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने ‘मनोहारी सिंग’ अशी, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका वादकाच्या नावाची, चिठ्ठी चिकटवली आहे. हा मजकूर मुख्यतः त्या कप्प्याविषयी आहे.

ज्यांनी जुन्या तबकड्या हाताळल्या आहेत त्यांना या चिठ्ठीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. रेकॉर्डच्या जॅकेटवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या वेष्टनावर, चित्रपट, संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे असत. वाजवणाऱ्यांची सहसा नसत. ज्याच्या सॅक्सोफोनमुळे गाणे पहिल्या चार मात्रांत ओळखू येते, त्याचा उल्लेख जॅकेटच्या पाठीवरही सापडत नाही. त्यामुळे वादकानुसार कप्पा लावायचा म्हणजे छापील मजकूर बाजूला ठेवून कानांवर, आठवणींवर आणि वादकांनी पुढे दिलेल्या मुलाखतींवर भिस्त ठेवावी लागते. मालकांनी हे काम अनेक वर्षे चिकाटीने केले आहे.

मनोहारी सिंग यांचा जन्म ८ मार्च १९३१ रोजी कोलकात्यात, नेपाळी वंशाच्या कुटुंबात झाला. बाटानगर येथील बाटा कंपनीच्या बँडमध्ये जोसेफ न्यूमन या हंगेरियन बँडमास्तरांच्या हाताखाली ते तयार झाले आणि पुढे कोलकात्यातील नाइटक्लबांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. नृत्यासाठी रात्रभर वाजवायचे, समोरच्याने सूर बदलला तर क्षणात त्यामागे जायचे आणि कागदावरची स्वरलिपीही तितक्याच सफाईने वाचायची, ही जॅझवाल्यांची शिस्त त्यांच्या हाती तेथे आली. १९५८ मध्ये सलील चौधरी यांच्या आग्रहावरून ते मुंबईला आले आणि १३ जुलै २०१० रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पाच दशकांहून अधिक काळ, मुंबईशीच बांधलेले राहिले.

दुकानात एक जुना, पण नीट राखलेला टर्नटेबल आहे आणि घेण्यापूर्वी रेकॉर्ड ऐकू दिली जाते. मी एका शनिवारी दुपारी या कप्प्यातील सहा तबकड्या ओळीने ऐकल्या. सुरुवात ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधील ‘है दुनिया उसी की’ या गाण्याने केली. ओ. पी. नय्यर यांच्या या रचनेत मोहम्मद रफी यांची ओळ संपते तेथे सॅक्सोफोन उत्तर देतो, आणि ते उत्तर इतके बोलके आहे, की ऐकणाऱ्याने गाणे युगलगीत समजावे. लगेच ‘आरजू’ (१९६५) मधील ‘बेदर्दी बालमा तुझको’ लावले. वाद्य तेच, वादक तोच. पण शंकर-जयकिशन यांच्या या गाण्यात लता मंगेशकरांच्या स्वरामागे तो सूर विरहिणीच्या बाजूने उभा राहतो. सॅक्सोफोनवर मींड काढणे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, सोपे नाही. बोटांनी दाबायच्या कळांचे हे वाद्य सूर पायरीपायरीने देते. दोन सुरांमधला उतार ओठांच्या दाबाने आणि श्वासाने घडवावा लागतो. क्लबात शिकलेला माणूस हिंदुस्थानी गळ्याची ही नक्कल कोठून शिकला, असा प्रश्न मी मालकांना विचारला. ते म्हणाले, ‘साहेब, आधी ‘गाइड’ ऐका, मग बोलू.’ ‘गाइड’ (१९६५) मधील ‘गाता रहे मेरा दिल’ या गाण्यातला तो उडता, हसरा सॅक्सोफोन ऐकल्यावर खरोखरच बोलायचे राहून गेले.

एकाच वर्षातील दोन चित्रपटांत, दोन वेगवेगळ्या संगीतकारांकडे, एकाच माणसाने दोन वेगळ्या स्वभावांचे वादन करावे, हे त्या काळच्या पद्धतीकडे पाहिले तर अधिकच थक्क करते. गायक आणि वाद्यवृंद बहुधा एकत्रच ध्वनिमुद्रित होत. एकाचा सूर हुकला, की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. सकाळी एका संगीतकाराचे काम, दुपारी दुसऱ्याचे, आणि प्रत्येक ठिकाणी तालमीच्या अवधीत त्या घरची भाषा उचलायची. बहुगुणी हा शब्द आपण फार सैल वापरतो. तो येथे मोजून वापरावा असा आहे. मनोहारी सिंग बासरी, क्लॅरिनेट आणि मँडोलिनही वाजवत. कप्प्यात ‘प्यार का मौसम’ (१९६९) आहे, तो मँडोलिनसाठी, आणि ही निवड मला विशेष आवडली, कारण सॅक्सोफोनचे नाव निघाले की बाकीचे सगळे विसरले जाते.

कप्प्याचा दुसरा भाग राहुल देव बर्मन यांच्या काळाचा आहे. येथे मनोहारी सिंग वाजवणारे म्हणून जितके आहेत तितकेच संयोजक आणि सहायक म्हणून आहेत. बासुदेव चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्यासह त्यांनी बर्मन यांच्या संगीतामागचा सांगाडा वर्षानुवर्षे उभा केला. बासुदेव आणि ते ‘बासू-मनोहारी’ या नावाने संगीतकारही झाले. ‘सबसे बड़ा रुपैया’ (१९७६) ची रेकॉर्ड येथे आहे, आणि या संपूर्ण कप्प्यात चित्रपटाच्या जॅकेटवर संगीतकार म्हणून त्यांचे नाव असलेली मला हीच एक दिसली.

आता तक्रारी. मालकांचा उत्साह कधीकधी पुराव्याच्या पुढे धावतो. ज्या गाण्यात सॅक्सोफोन ऐकू येतो ते सर्व मनोहारी सिंग यांच्या खात्यावर टाकण्याची त्यांना सवय आहे, आणि मुंबईत चांगले वाजवणारे दुसरेही होते. ‘आराधना’ (१९६९) च्या चिठ्ठीवर ‘रूप तेरा मस्ताना: सॅक्सोफोन व अकॉर्डियन, मनोहारी सिंग’ असे लिहिले होते. सॅक्सोफोन त्यांचाच आहे. अकॉर्डियन मात्र केरसी लॉर्ड यांचे आहे. एका अनामिक वादकाला न्याय देताना दुसऱ्याचे श्रेय त्याच्या पदरात टाकणे योग्य नव्हे, हे मी सांगितले, तेव्हा मालक थोडे नाराज झाले, पण त्यांनी चिठ्ठी काढून हातात घेतली.

किमतींविषयी मतभेद संभवतो. चार गाण्यांच्या ईपी मला दोनशे ते साडेतीनशे रुपयांना सांगितल्या गेल्या, तर चांगल्या अवस्थेतील एलपी हजारांच्या पुढे आहेत. मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करणाऱ्याला हे महाग वाटेल. परंतु येथे रेकॉर्ड धुऊन, नव्या आतल्या पिशवीत घालून मिळते आणि खरखर किती आहे हे न विचारता सांगितले जाते. माझ्या ‘आरजू’ला दुसऱ्या अंतऱ्यात एक ओरखडा आहे, तो मला आधीच दाखवला होता. विकलेली वस्तू परत घेत नाहीत. खोलीत उजेड कमी आहे, जिना पावसाळ्यात निसरडा होतो, आणि गाडी लावायला जागा मिळेल अशी आशा कोणी धरू नये. रविवार कारंजावरून चालत यावे हे उत्तम. टर्नटेबलची सुई बदलायला झाली आहे, वरच्या पट्टीतला सॅक्सोफोन किंचित फाटतो, हेही मालकांच्या कानावर घातले आहे.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा सुई जुनीच होती. ‘आराधना’वरची चिठ्ठी मात्र नवी होती, केरसी लॉर्ड यांचे नाव शाईने लिहिले होते, आणि त्या कप्प्यातील आणखी अकरा चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढलेली होती.