प्रायमर प्रेसवर बसवावा की हॅन्ड टूलने? मिसफायरच्या बाजूने पाहिलं तर

वापरलेल्या केस, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, आपण स्वतः पुन्हा भरतो. अशा काडतुसावर चाप ओढला, पिन पडली आणि बार उडाला नाही, म्हणजे मिसफायर झाला, की पहिला संशय प्रायमरच्या (केसच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या) खोक्यावर नाहीतर रायफलच्या स्प्रिंगवर जातो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावं आणि मग तेच काडतूस पुन्हा पिनखाली द्यावं. दुसऱ्या ठोक्याला उडालं, तर प्रायमर बहुधा चांगलाच होता, फक्त पॉकेटच्या, म्हणजे केसच्या बुडातल्या त्याच्या खळग्याच्या, तळाला टेकलेला नव्हता. पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच गेला. म्हणून प्रायमर कशाने बसवायचा हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

प्रेसची, म्हणजे टेबलावर बसवलेल्या दांड्याच्या यंत्राची, सोय उघड आहे. केस शेलहोल्डरमध्ये (केसचं बूड धरणाऱ्या खाचेत) आहेच, साइझिंगच्याच (केस दाबून मापात आणण्याच्या) फेरीत प्रायमरही बसतो, आणि शेकडो केस केल्या तरी बोटं दुखत नाहीत. सरावाच्या मोठ्या लॉटसाठी प्रेसला नावं ठेवण्याचं कारण नाही.

मला खटकते ती एकच गोष्ट, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लागला. प्रेसचा दांडा लांब असतो, त्यामुळे टोकाला काय चाललंय ते हाताला कळतच नाही. पॉकेटच्या कोपऱ्यात काजळी साचली असो, लष्करी केसचा क्रिंप (प्रायमर पक्का राहावा म्हणून पॉकेटच्या कडेला आत दाबलेलं पितळ) नीट निघाला नसो किंवा प्रायमर खरोखर तळाला पोचला असो, तिन्ही वेळा दांडा साधारण सारखाच अडतो. लवकर थांबलात तर प्रायमर वर राहतो. आणखी रेटलंत तर प्रायमरचा कप (बाहेरची वाटी) चेपतो आणि आतल्या मसाल्याची गोळी तडकू शकते. दोन्ही टोकांना मिसफायरच.

हॅन्ड टूलमध्ये, म्हणजे मुठीत धरून दाबायच्या छोट्या साधनात, तळव्याला दोन टप्पे वेगळे कळतात. आधी कप सरकतानाचं एकसारखं घर्षण, मग ॲन्व्हिलचे (प्रायमरमधल्या छोट्या ऐरणीचे) पाय तळाला टेकल्याचा कडक थांबा. त्यानंतर अगदी थोडा दाब पुरे. प्रायमर केसच्या बुडापासून साधारण ०.००३ ते ०.००५ इंच आत हवा. बुडावरून बोट फिरवा, किंवा केस सपाट काचेवर उभी करा. डुगडुगली तर प्रायमर वर आहे. तोंडाशीच अडला तर क्रिंप शिल्लक आहे, रीमर (कड कातणारं हत्यार) फिरवावा. काही न अडता सुळकन आत गेला तर पॉकेट सैल झालंय, ती केस बाद करावी. ही शेवटची खूण प्रेसवर हमखास निसटते.

हॅन्ड टूलचा त्रासही आहे. काम वेगळं करावं लागतं, बोटं थकतात, काही टूलना स्वतःचेच शेलहोल्डर लागतात. प्रायमरची थाळी हाताजवळ असते, तेव्हा चष्मा हवाच. साइझिंगचं ल्युब (वंगण) बोटांवरून पुसून टाकावं, कारण तेल आत शिरलं की प्रायमर मंदावतो किंवा मरतो.

टूल बदलून जाणार नाहीत असेही मिसफायर असतात. साइझिंग डाय (केस दाबणारा साचा) जास्त खाली बसवली, तर केसचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) मागे जातो, ठोक्याबरोबर केस पुढे सरकते आणि पिनचा खळगा उथळ पडतो. बोल्ट रायफलसाठी खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे नेला की भागतं. दुसरा घोळ लार्ज पिस्टल प्रायमरचा. व्यास लार्ज रायफलइतकाच, ०.२१० इंच, पण उंची कमी. रायफलच्या पॉकेटमध्ये तो फार खोल बसतो आणि पिन नीट पोचत नाही.

ज्याला वेगच हवा त्याने प्रेस वापरावा, फक्त प्रत्येक केसच्या बुडावरून बोट फिरवायचा कंटाळा करू नये. पण शिकारीची किंवा स्पर्धेची काडतुसं भरायची असतील, तर मी हॅन्ड टूलच सुचवेन. आणि टूल कोणतंही असो, भरलेल्या काडतुसाचा वर राहिलेला प्रायमर कधीही दाबून बसवू नये. बुलेट काढावी, पावडर ओतून घ्यावी आणि ती केस पुन्हा पहिल्यापासून तपासावी.