दिग्रसचा मुलाखत वर्ग: कोडिंग बेताचं, ऑफर लेटरचे चार दिवस मात्र पैसे वसूल

दिग्रसच्या बसस्टँडपासून पायी पाच मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर हा वर्ग भरतो. मुदत 21 दिवस, फी 3,500 रुपये. अर्धी आधी, उरलेली कापूस विकल्यावर दिली तरी चालते. एका बॅचला 12 जण, बहुतेक डिप्लोमा, बीई नाहीतर बीसीए झालेले, पुण्या-नागपुरात सॉफ्टवेअरची नोकरी शोधणारे. पाटीवर 'शंभर टक्के जॉब' असलं काही लिहिलेलं नाही, हे बरं लक्षण.

पहिले 17 दिवस तांत्रिक मुलाखतीचे. त्यात डेटाबेस खरोखर चांगला शिकवतात. प्रश्न सगळीकडे विचारतात तोच: टेबलातला दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. पोरगं उतरत्या क्रमानं लावून 'लिमिट 1 ऑफसेट 1' (पहिली ओळ सोडून पुढची एक) लिहितं आणि खूश होतं. मग सर टेबलात सर्वांत जास्त पगाराची दोन माणसं टाकतात, आणि उत्तरात पुन्हा पहिलाच पगार येतो. इथं डिस्टिंक्ट (सारखे पगार एकदाच धरणं) का लागतं, त्या पगाराची सगळी माणसं हवी असतील तर डेन्स रँक (सारख्या पगाराला सारखाच क्रमांक) का सोयीचं, सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर काय दिसायला हवं, हे ते मुलाकडूनच वदवून घेतात. लेफ्ट जॉइनचंही तसंच; त्यात दोन टेबलं जोडताना डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी राहायला हव्यात. उजव्या टेबलावरची अट 'व्हेअर'मध्ये टाकली की जोडी नसलेल्या ओळी गळतात आणि तो इनर जॉइनच, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळींचा, होऊन बसतो. अट 'ऑन'मध्ये हवी. मुलाखतीत नेमकं इथंच पकडतात.

सराव मुलाखत शेजारच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर होते. 45 मिनिटं, कोड साध्या नोटपॅडमध्ये, आणि लिहिताना डोक्यात काय चाललंय ते बोलायचं. नंतर रेकॉर्डिंग लावतात. प्रोजेक्टबद्दल "आम्ही केलं, आम्ही केलं" म्हणणाऱ्याला तिथंच थांबवतात: तू काय केलंस ते सांग.

पण अल्गोरिदम ॲरे (याद्या) आणि स्ट्रिंग (मजकूर) यांवरच्या सोप्या प्रश्नांच्या पुढे सरकत नाही. ग्राफ नावापुरता, सिस्टिम डिझाइन (मोठं सॉफ्टवेअर कसं रचायचं ते) अजिबात नाही. दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्यानं या भागासाठी येऊ नये. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' तीन दिवस घोकवून घेतात आणि शेवटी बाराही जणांचं भाषण एकच निघतं; निव्वळ वेळेचा नास. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर आणि दोन पंखे एवढंच चालतं, तेव्हा सकाळची बॅच घ्या आणि लॅपटॉप चार्ज करून न्या.

शेवटचे चार दिवस ऑफर लेटरचे, आणि तिथं हा वर्ग एकदम वेगळाच होतो. फळ्यावर वर्षाचं 3,60,000 चं पॅकेज मांडतात. मुलांच्या डोक्यात महिना 30,000. मग वजाबाकी सुरू. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना 15,000 धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी महिना 1,800, वर्षाचे 21,600. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी वर्षाचे 8,658. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, दरमहा हाती न येणारा भाग, 36,000. विम्याचा हप्ता 6,000. उरले 2,87,742, म्हणजे महिना 23,978. त्यातून स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हाती 21,978. फेब्रुवारीत कर 300 कापतात. मुलींना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, म्हणून त्यांच्या हाती 200 जास्त. महिन्याचे आठ हजार कुठं गेले ते फळ्यावरच दिसतं.

पुढचं बोलणीचं. एचआरनं अपेक्षा विचारली की इकडची मुलं म्हणतात, "तुमी द्यान ते, सर." ही सवय मोडायला पूर्ण एक दिवस जातो. आधी त्यांनाच विचारायचं, या पदासाठी तुमचं बजेट किती? ऑफर कमी निघाली तर फोनवर हो नाही, नाहीही नाही; "पत्र मेलवर पाठवा, दोन दिवसांत कळवतो." मग पाच-सहा ओळींचा मेल. त्यात आकडा एकच, कारण 'चार ते पाच लाख' लिहिलं की ते चारच वाचतात. कारणही एकच, कामाशी जोडलेलं. बापाची पाच एकर कोरडवाहू आहे हे खरं असलं तरी ते पगारवाढीचं कारण होत नाही. पॅकेज वाढत नसेल तर व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये मागायचा. तेही नाही जमलं तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार लेखी, पहिले 15 दिवस राहायची सोय, रुजू व्हायची तारीख. जॉइनिंग बोनस मिळाला तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट आहे का ते पाहायचं. दुसऱ्या ऑफरची थाप मारायची नाही. पत्र दाखवा म्हणाले की संपलं. कॅम्पसमधून घाऊक भरतीत पॅकेज सगळ्यांना सारखंच असतं, तिथं आकड्यासाठी घसा कोरडा करू नका, शिफ्ट आणि ठिकाण विचारा, असंही सर मोकळेपणानं सांगतात.

एका गोष्टीत ते चुकतात. अमुक काळ नोकरी नाहीतर पैसे भरा असा जो करार, त्या "बाँडला कोर्टात किंमत नाही" असं ठासून सांगतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी नाहीतर 2 लाख भरा, ही अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि पुन्हा भरती करण्याचा खर्च हे त्यातलं एक कारण होतं. म्हणून प्रत्येक खासगी कंपनीचा बाँड टिकेलच असं नाही. करार कायद्याप्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. तरी सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि कंपनीनं काढलं तर काय, ही तीन कलमं वाचाच.

पूर्ण वर्ग नको असेल तर हे चार दिवस वेगळे 900 रुपयांत मिळतात. जाताना स्वतःचं ऑफर लेटर न्या, पण सही न केलेलं. सही करून नेलंत तर फक्त वजाबाकी पाहायला मिळेल.